मोटारीवरचा छुपा अँटेना

पूर्वीच्या फियाट मोटारीच्या मडगार्डवर एक चकचकीत दांडी असे. ती ओढून लांब केली की रेडिओ स्वच्छ ऐकू येई. रात्री गाडी रस्त्यावर उभी करताना ही दांडी आठवणीने आत दाबून ठेवावी लागे. नाहीतर जाता-येता मुले ती वाकवून ठेवीत आणि कधीकधी कुणीतरी ती मोडूनही नेई. आजच्या गाडीवर अशी दांडी क्वचितच दिसते. त्यावरून गाडीतले अँटेना कमी झाले असा कुणाचा समज होईल, पण वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. रेडिओचा एक, उपग्रहांवरून आपली जागा ओळखणाऱ्या यंत्राचा एक, मोबाइल फोनच्या जाळ्याशी बोलणारा एक, किल्लीचा हुकूम ऐकणारा एक आणि पथकराच्या फास्टॅगमधला एक असे चार-पाच अँटेना साध्या घरगुती गाडीतही असू शकतात. ते सगळे लपून बसले आहेत, इतकेच.

घरच्या मंडळींना ते लपलेलेच हवे असतात. नव्या गाडीच्या टपाला भोक पाडायचे म्हटले की घरात कुणीच तयार होत नाही. गाडी धुणाऱ्याचे फडके अडकू नये, पावसाचे पाणी आत झिरपू नये आणि चोराच्या डोळ्यांत काही भरू नये, या साऱ्या अपेक्षा रास्तच आहेत. पण अँटेना जर उपग्रहाचा असेल तर त्याची स्वतःची एक अट असते. तो माणसांना दिसला नाही तरी चालेल, उपग्रहाला मात्र दिसलाच पाहिजे. ही अट किती कडक आहे, ती का आहे आणि ती पाळून अँटेना कुठे लपवता येतो, हे या लेखात पाहू.

आकाशातले आकाशवाणी केंद्र

उपग्रहावरून थेट श्रोत्यापर्यंत पोचणारी नभोवाणी आपल्या देशाने एकदा अनुभवली आहे. २१ मार्च २००० रोजी 'एशियास्टार' नावाचा उपग्रह फ्रेंच गयानातील कूरू येथून आरियान-५ या अग्निबाणाने सोडण्यात आला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० कि.मी. उंचीवर, १०५ अंश पूर्व रेखांशापाशी तो ठेवला होता. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घालते तेवढ्याच वेळात असा उपग्रहही एक फेरी पुरी करतो, त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा असतो. त्याला भूस्थिर उपग्रह म्हणतात. या उपग्रहावरून 'वर्ल्डस्पेस' ही कंपनी भारतभर वर्गणीदारांना कार्यक्रम ऐकवीत असे. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताला वाहिलेली 'गांधर्व' ही त्यांची वाहिनी जुन्या रसिकांना अजून आठवते. पुढे मूळ अमेरिकन कंपनी कर्जबाजारी झाली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली ही सेवा बंद पडली.

वर्ल्डस्पेसचे ग्राही घरात ठेवायचे असत. त्यांचा तळहाताएवढा चपटा अँटेना खिडकीत किंवा गच्चीवर आग्नेयेच्या बाजूला रोखून बसवावा लागे. तो थोडा इकडचा तिकडे झाला की आवाज बंद. रेडिओ म्हटला की कोपऱ्यात कुठेही ठेवला तरी तो वाजतोच, अशी सवय असलेल्या लोकांना हे विचित्र वाटे. हा रेडिओ आपल्याकडे मोटारीत का रुळला नाही, याचे भौतिकशास्त्रीय उत्तरही इथेच आहे.

मीरा रोड किंवा भाईंदर येथून पाहिले तर हा उपग्रह कुठे दिसला असता? आमचे शहर साधारण १९.३ अंश उत्तर अक्षांश व ७२.९ अंश पूर्व रेखांश यांवर आहे. गोलीय त्रिकोणमितीने हिशेब केला तर उपग्रहाची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडून मोजत सुमारे ११८ अंश, म्हणजे आग्नेयेपेक्षा जराशी पूर्वेकडे येते आणि क्षितिजापासून त्याची उंची सुमारे ४७ अंश येते. आता ४७ अंश म्हणजे ४५ च्या अगदी जवळ, आणि ४५ अंशांचा स्पर्शक १ असतो हे तुम्ही शिकलेले आहातच. म्हणून आग्नेयेकडे जेवढ्या उंचीची इमारत उभी असेल, जवळजवळ तेवढ्याच लांबीची तिची 'सावली' विरुद्ध बाजूला, वायव्येकडे पडेल. सात मजली इमारत २१ मीटर उंच धरली तर तिच्यामागे सुमारे २० मीटरपर्यंत उपग्रह दिसणार नाही. आमच्या भागातले गल्लीबोळ पाहता, अशा सावलीतून गाडी बाहेर येते न येते तोच पुढच्या इमारतीची सावली सुरू होईल.

ही सावली प्रत्यक्ष पाहताही येते, आणि त्यासाठी उपकरण लागत नाही. १ ऑक्टोबरच्या सुमारास सकाळी दहाच्या आसपास आमच्या शहरातून सूर्य आकाशात जवळजवळ त्याच जागी असतो, जिथे एशियास्टार होता. मार्चच्या १२ तारखेच्या सुमारास तो सकाळी सव्वादहा ते साडेदहाच्या दरम्यान तिथे येतो. त्या वेळी रस्त्यावर उतरून ऊन कुठे आहे आणि सावली कुठे आहे ते पाहावे. उन्हात असलेल्या गाडीचा रेडिओ वाजला असता, सावलीतल्या गाडीचा बंद पडला असता. उपग्रहाच्या लहरींची वागणूक उन्हासारखी असते, हे एवढ्या एका निरीक्षणाने पक्के समजते. तुमच्या इमारतीच्या गच्चीवर दूरचित्रवाणीच्या तबकड्या असतील तर त्याही पाहा. आपल्याकडच्या घरोघरच्या दूरचित्रवाणीचे उपग्रह ७३ अंशांच्या पूर्वेला आहेत, म्हणून आमच्या शहरातल्या तबकड्यांची तोंडे दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या बाजूला वळलेली दिसतील.

मग नेहमीचा रेडिओ सावलीत का वाजतो?

याचे एक कारण तरंगलांबीत आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख कि.मी. त्याला कंप्रतेने, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनसंख्येने भागले की तरंगलांबी मिळते. आकाशवाणीचे मुंबई 'ब' केंद्र अनेक वर्षे मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला ऐकू येत असे. या लहरीची लांबी होते सुमारे ५३८ मीटर. अर्ध्या किलोमीटरच्या लहरीपुढे सात मजली इमारत म्हणजे ओढ्यातला दगड. पाणी जसे दगडाला वळसा घालून पुढे जाते तशी ती लहर पुढे जाते. एफएम गोल्डच्या १००.७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३ मीटर लांबीची असते. तीही इमारतींच्या कडांवरून बरीच वळते, भिंतींवर आपटून परावर्तित होते आणि कुठल्या ना कुठल्या वाटेने आपल्यापर्यंत येते. एशियास्टारची कंप्रता १,४६७ ते १,४९२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होती, म्हणजे तरंगलांबी अवघी २० सेंमी. एवढीशी लहर इमारतीमागे फारशी वळत नाही.

दुसरे कारण लहरीच्या शक्तीचे. एफएमचा प्रक्षेपक काही मैलांवर असतो आणि त्याची शक्ती किलोवॉटमध्ये मोजतात. वाटेत शंभरातले नव्याण्णव भाग हरवले तरी उरलेल्या एका भागावर रेडिओ खुशाल वाजतो. उपग्रहाचे तसे नाही. मार्ग शोधून देणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे उदाहरण घ्या. ते सुमारे २०,२०० कि.मी. उंचीवरून फिरतात आणि त्यांच्या प्रक्षेपकाची शक्ती घरातल्या जुन्या विजेच्या दिव्याएवढी, काही दहा वॉट असते. ही शक्ती जवळजवळ अर्ध्या पृथ्वीवर पसरते. त्यातून छोट्या अँटेनाच्या वाट्याला किती येते? एका वॉटचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करा आणि त्यातल्या एकाचे आणखी दहा हजार. साधारण तेवढे! इतक्या गरिबीत वाटेत कुणी निम्मा हिस्सा खाल्ला तरी जाणवते.

अमेरिकेत मात्र उपग्रह रेडिओ मोटारीतच वाढला. तिथे एक्सएम ही सेवा २००१ मध्ये आणि सिरियस ही २००२ मध्ये सुरू झाली. २००८ मध्ये दोन्ही एकत्र झाल्या. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात तुमचे कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्या गाडीच्या टपावर मागच्या बाजूला माशाच्या परासारखा काळा उंचवटा असण्याचा संभव आहे. आपल्याकडेही त्याला शार्क फिन असेच म्हणतात. तिथल्या इंजिनिअरांनी सावलीचा प्रश्न सोडवला तो मुख्यतः तीन युक्त्यांनी. एकाऐवजी निरनिराळ्या दिशांना दोन-तीन उपग्रह ठेवले, म्हणजे एक इमारतीआड गेला तरी दुसरा दिसावा. मोठ्या शहरांत जमिनीवर पुनःप्रक्षेपक उभारले. आणि तिसरी युक्ती मला सर्वांत सुंदर वाटते. तोच कार्यक्रम दोनदा, सुमारे ४ सेकंदांच्या अंतराने पाठवायचा. गाडी पुलाखालून जाताना तीन सेकंदांचे गाणे हरवले, तरी तेच तीन सेकंद दुसऱ्या प्रतीतून मिळतात आणि ग्राही आपल्या स्मरणकोशात दोन्ही प्रती जुळवून अखंड गाणे ऐकवतो. श्रोत्याला पूल कळतही नाही.

आपल्याकडे यातले काही झाले नाही. आज भारतातल्या घरगुती गाडीवर जो उपग्रहाचा अँटेना असतो तो संगीताचा नसून मार्गदर्शनाचा असतो. त्याला एक सोय अशी की आकाशात एकाच वेळी अनेक उपग्रह असतात आणि जागा ठरवायला त्यांतले चार दिसले तरी भागते. अमेरिकन जीपीएसबरोबर रशियाचे, युरोपचे व चीनचे उपग्रहही बहुतेक नवे ग्राही ऐकतात. भारताच्या 'नाविक' मालिकेतला पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला, आणि २९ मे २०२३ रोजी उडालेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून नाविकचा संदेश जीपीएसच्याच १,५७५.४२ मेगाहर्ट्झ कंप्रतेवरही देण्याची सोय झाली.

दांडीची वडी कशी झाली?

अँटेना लपवायचा तर तो आधी लहान हवा. साध्या दांडीच्या अँटेनाची सोयीची लांबी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असते. एफएमची लहर ३ मीटरची, म्हणून दांडी ७५ सेंमी.; जुन्या फियाटवरची ओढायची दांडी जवळपास तेवढीच का होती ते आता कळेल. उपग्रहाची लहर २० सेंमी.ची, म्हणून दांडी ५ सेंमी. पुरते. पण उभी दांडी आडव्या दिशेने येणाऱ्या लहरी चांगल्या टिपते, डोक्यावरच्या नाही. उभ्या दांडीकडे वरून पाहिले तर ती केवळ ठिपक्यासारखी दिसते, तसेच हे आहे. म्हणून आकाशाकडे पाहणारा अँटेना बहुधा चपट्या वडीच्या आकाराचा करतात. तळाशी धातूचा पत्रा, वर अर्ध्या तरंगलांबीएवढा धातूचा चौकोन आणि मधे विद्युत्‌रोधक.

जीपीएसची तरंगलांबी १९ सेंमी., तेव्हा हा चौकोन साडेनऊ सेंमी.चा व्हायला हवा. बाजारातल्या वडीची बाजू मात्र दोन-अडीच सेंमी.च असते. हा चमत्कार मधल्या थराचा आहे. तिथे विशिष्ट चिनी माती वापरतात. तिचा पराविद्युत् स्थिरांक २० च्या घरात असतो. अशा पदार्थात लहरीचा वेग स्थिरांकाच्या वर्गमूळाइतक्या पटीने कमी होतो. २० चे वर्गमूळ सुमारे साडेचार. साडेनऊला साडेचारने भागा, दोनच्या थोडे वर उत्तर येईल. काचेत शिरल्यावर प्रकाशाचा वेग मंदावतो हा जो धडा तुम्ही अपवर्तनाच्या प्रकरणात गिरवता, तोच इथे गाडीच्या डॅशबोर्डखाली उपयोगी पडला आहे.

आणखी एक खुबी सांगून पुढे जातो. उपग्रहाच्या या लहरी सरळ रेषेत वरखाली न हलता मळसूत्रासारख्या फिरत येतात. जीपीएसचे मळसूत्र उजवे असते. भिंतीवर आपटून परतलेली लहर, आरशातल्या प्रतिमेसारखी, डाव्या मळसूत्राची होते. वडीचा अँटेना उजव्यासाठी बनवलेला असल्यामुळे तो परावर्तित लहरींना बऱ्याच अंशी दाद देत नाही. इमारतींच्या गर्दीत जागा चुकीची दाखवली जाण्याचे प्रमाण त्यामुळे घटते, अगदी संपत नाही. मीरा-भाईंदर रस्त्यावर उन्नत मेट्रोच्या मार्गाखालून जाताना फोनवरचा बाण कधीकधी शेजारच्या गल्लीत उडी मारतो, तो या चुकार लहरींमुळे.

टप शत्रूही आणि मित्रही

गाडीचा टप पोलादी पत्र्याचा, पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. एवढ्या पातळ पत्र्यातून लहरी आरपार जात असतील असे कुणाला वाटेल. पण धातूत शिरलेली लहर अतिशय उथळ थरातच विरते. १,५०० मेगाहर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये हा थर केवळ दोन हजारांश मिलिमीटर भरतो. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागदसुद्धा त्याच्या पाचसहा पट जाड असतो. तेव्हा टपाच्या आतल्या कापडी अस्तराखाली अँटेना लपवणे म्हणजे तो तिजोरीत ठेवण्यासारखेच आहे. डिकीत ठेवला तरी तेच.

हाच पत्रा अँटेनाच्या खाली आला तर मात्र त्याचे काम सोपे करतो. शांत तळ्याच्या काठावरच्या झाडाचे प्रतिबिंब पाण्यात दिसते, तसे वडीचे किंवा दांडीचे विद्युत् प्रतिबिंब खालच्या धातूत पडते आणि अर्धा अँटेना पूर्ण असल्यासारखा वागतो. यासाठी चहूबाजूंनी निदान पाव तरंगलांबी, म्हणजे ५ सेंमी.पर्यंत पत्रा पसरलेला हवा. टप त्यापेक्षा कितीतरी मोठा. शिवाय तिथून चहूकडचे आकाश उघडे. म्हणूनच टपावरची जागा सर्वोत्तम, आणि शार्क फिन ही नुसती फॅशन नव्हे. प्लॅस्टिकच्या कवचातून या लहरी जवळजवळ न अडखळता जातात. आत वडी आहे हे बाहेरच्याला कळत नाही. गंमत अशी की गाड्यांच्या सजावटीच्या दुकानांत दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने लावायचे पोकळ शार्क फिनही मिळतात. आत काहीच नसते. लोक खरा अँटेना लपवतात आणि खोटा मिरवतात!

टपाला हातच लावायचा नसेल तर पुढच्या काचेच्या अगदी पायथ्याशी, डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली वडी बसवावी. इथे भूमितीचा एक छोटा प्रश्न आहे. अलीकडच्या बहुतेक गाड्यांची समोरची काच बरीच तिरपी असते. ती क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करते असे समजा. मग काचेच्या पायथ्याशी असलेल्या वडीला पुढचे सारे आकाश दिसतेच, पण मागच्या बाजूलाही ३० अंशांच्या वरचे आकाश काचेतून दिसते. व्हॅनची काच जवळजवळ उभी, समजा ६० अंशांची असेल, तर मागच्या दिशेला ६० अंशांखालचे सगळे टपाआड जाते. वायव्येला तोंड करून निघालेल्या गाडीत एशियास्टारची दिशा मागे, ४७ अंशांवर आली असती. तिरप्या काचेच्या गाडीत तो निभावला असता. उभ्या काचेच्या व्हॅनमध्ये टप आडवा आला असता. तीच व्हॅन परत फिरून आग्नेयेकडे तोंड करती तर रेडिओ पुन्हा वाजू लागला असता! कोनमापक आणि ओळंबा घेऊन तुमच्या ओळखीच्या गाड्यांच्या काचांचे कोन मोजून पाहा. वडीखाली १० सेंमी. लांबी-रुंदीचा पत्र्याचा तुकडा ठेवायला विसरू नये. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमध्ये प्रतिबिंब पडायला दुसरे काही नसते.

काचेवर धातूचा सूक्ष्म लेप असेल तर हा सारा बेत फसतो. उन्हाची धग परतवण्यासाठी काही महाग गाड्यांच्या काचांवर असा लेप असतो आणि फास्टॅगसारख्या वस्तूंसाठी आरशाजवळ एक लहानशी खिडकी लेपाविना सोडलेली असते. फास्टॅग हाही काचेवर उघड चिकटवलेला छुपा अँटेनाच. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची लहर ३५ सेंमी.ची, तिचा अर्धा भाग साडेसतरा सेंमी.; ती पट्टी नागमोडी दुमडून लहान केलेली असते. निकामी झालेला टॅग मिळाला तर उजेडासमोर धरून पाहा.

तार, गंज आणि हवेची पिशवी

वडीपासून ग्राहीपर्यंत बारीक सहअक्षीय तार नेतात. ही तार दिसते निरुपद्रवी, पण दर मीटरला पाचव्या हिश्शाएवढी शक्ती खाते. तीन मीटरमध्ये निम्मी गेली समजा. आधीच कफल्लक असलेल्या लहरीला हा खर्च परवडत नाही, म्हणून वडीच्या पाठीलाच एक इवलासा प्रवर्धक बसवलेला असतो आणि त्याच तारेतून त्याला वीज पुरवतात. तार कापून जोडणे, ती गाठी मारून कोंबणे या गोष्टी इथे चालत नाहीत.

टपावर चुंबकाने चिकटणारी वडी घेतली तर भोक पाडावे लागत नाही. तार डिकीच्या दाराच्या रबरी पट्टीखालून आत घेता येते. मला स्वतःला हाच मार्ग पसंत आहे. भोकाच्या कडेला पत्रा उघडा पडतो, आणि भाईंदरच्या मिठागरांवरून व उत्तनच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या खाऱ्या दमट वाऱ्यात उघड्या पोलादाचे काय होते हे इथल्या प्रत्येक घराच्या खिडकीचे गज सांगतील.

पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात त्यांच्या आवरणात तार खुपसून देण्याची अनेक हौशी कारागिरांना सवय असते. तार छान लपते खरी. परंतु बऱ्याच नव्या गाड्यांत अपघाताच्या वेळी फुगणारी बाजूची हवेची पिशवी त्याच आवरणामागे घडी करून ठेवलेली असते. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. तिच्या वाटेत तार, पट्टी किंवा अँटेना असेल तर पिशवी नीट उलगडत नाही, किंवा ती वस्तू गोळीसारखी आत बसलेल्याच्या अंगावर येते. आपल्या गाडीत ही पिशवी कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते वाचल्याखेरीज खांबाला हात लावू नये आणि लावू देऊ नये.

अँटेना भलत्या जागी लपवण्याचा खरा धोका भाड्याच्या वाहनांत दिसतो. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या टॅक्सी, बस वगैरे प्रवासी वाहनांत जागा कळवणारे यंत्र आणि संकटाच्या वेळी दाबायचे बटन बसवणे नियमाने आवश्यक झाले. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना यातून सूट आहे. हे यंत्र कुणी काढून टाकू नये म्हणून लपवून बसवणे योग्यच. पण ते बसवणाऱ्याने अँटेनासकट पत्र्याच्या पेटीत किंवा आसनाखाली दडवले तर यंत्र चालू राहते, दिवाही लागतो, मोबाइलच्या जाळ्याशी संबंधही राहतो. कारण मोबाइलचा मनोरा जवळ असतो आणि त्याच्या लहरी खिडकीतून, फटींतून आत पोचतात. उपग्रह मात्र दिसत नाहीत. अशा वेळी बटन दाबले तर मदतीची हाक जाते, पण तिच्यासोबत गाडीची जागा जाते ती शेवटी कळलेली, कदाचित तासापूर्वीची. शोधायला निघालेली माणसे घोडबंदरला जातील आणि गाडी असेल विरारच्या पुढे. यंत्र बसवल्यावर ते नुसते 'चालू' आहे की नाही हे न पाहता, त्याला किती उपग्रह दिसतात हे उघड्या मैदानात आणि इमारतींच्या गल्लीत, दोन्हीकडे तपासायला हवे.

गच्चीवरचा प्रयोग

हे सारे घरच्या घरी पडताळता येते. फोनवर उपग्रहांची नावे, दिशा आणि प्रत्येकाच्या लहरीची तीव्रता दाखवणारी मोफत ॲप्स मिळतात. तीव्रतेचा आकडा डेसिबेलच्या मापात असतो. तो ३ ने उतरला की शक्ती निम्मी झाली आणि १० ने उतरला की दहावा हिस्सा उरला. उघड्या गच्चीवर बऱ्याच उपग्रहांचे आकडे ३५ ते ४५ च्या दरम्यान येतात. फोन स्टुलावर आडवा ठेवून पाच मिनिटे थांबा आणि आकडे लिहून घ्या.

आता दोन बाजूंना एकेक पुस्तक ठेवून फोनच्या वर तीन-चार सेंमी.वर स्टीलची मोठी परात पालथी आडवी धरा. बाजूच्या फटीतून पडदा वाचता येईल. डोक्यावरच्या उपग्रहांचे आकडे कोसळतील, क्षितिजाजवळच्या एखाद्या उपग्रहाचा थोडाफार टिकेल. परातीच्या जागी लाकडी पोळपाट, काचेचे ताट, प्लॅस्टिकचा डबा, पुठ्ठ्यावर ताणून बसवलेला चंदेरी कागद असे एकेक ठेवून पाहा. यातले कुणी किती अडवले याचा तक्ता करा. मग तीच परात फोनच्या खाली ठेवा. फोनच्या अँटेनाची रचना निराळी असल्यामुळे इथे आकडा वाढेलच असे नाही, पण तो परात वर असताना पडला तसा पडणार नाही.

शेवटी चारपदरी फडके पुठ्ठ्यावर पसरून आधी कोरडे आणि मग चिंब ओले करून पाहा. कोरड्याने काही फरक पडणार नाही. ओल्याने आकडे काही डेसिबेलने उतरतील. जुलैच्या धो-धो पावसात दूरचित्रवाणीचे चित्र गोठते पण फोनवरचा रस्ता दिसत राहतो, हे तुम्ही पाहिले असेल. दूरचित्रवाणीची लहर अडीच सेंमी.ची, पावसाच्या थेंबांना ती सहज बळी पडते, १९ सेंमी.च्या लहरीला हवेतले थेंब जाणवत नाहीत. मात्र अँटेनाच्या अगदी अंगावर पाण्याचा सलग थर साचला तर तिलाही तो थोडा भोवतो. शार्क फिनची पाठ उतरती असते, त्यावर पाणी थांबत नाही. सपाट वडी टपावर लावणार असाल तर ती पाणी साचणाऱ्या खोलगट भागात नको, टपाच्या चढत्या कडेवर लावा.